जनवाड्याच्या फोटोतलं नाव

मल्लेश्वरीला रिकामं बसणं कधी जमलं नाही. हुमनाबादला माहेरी असताना तिची आई म्हणायची, हिच्या हातात काही दिलं नाही तर ही घराची कौलं मोजत बसेल. तिनं तिथेच कॉम्प्युटरचा डिप्लोमा केला, प्रथम श्रेणीत पास झाली, आणि निकाल लागल्यावर महिन्याभरात बीदरच्या मैलूरमध्ये सून म्हणून आली. सासरी फोटो स्टुडिओ होता. सासरे गुरुशांतप्पांनी चाळीस वर्षांपूर्वी तो काढला होता आणि आता नवरा राजशेखर लग्नांचे फोटो काढायला गावोगाव फिरायचा. मल्लेश्वरी काउंटर सांभाळायची. पासपोर्ट फोटो, लॅमिनेशन, शाळेची ओळखपत्रं. डिप्लोम्याचा कागद कपाटात आणि तिचा जीव सदा नव्या कामासाठी आसुसलेला, अशी सतरा वर्षं गेली.

मग एके दिवशी अमृतप्पा आला. मैलूरमध्येच गवंडीकाम करणारा, साठी उलटलेला माणूस. त्याची बायको यल्लम्मा बारा दिवसांपूर्वी वारली होती. घरात तिचा एकही फोटो नव्हता. आधार कार्डावरचा होता, त्यात ती ओळखू येत नव्हती.

"अक्का, गल्लीतल्या एका लग्नात ती हळदीला बसली होती," अमृतप्पा म्हणाला. "तुमच्याच माणसानं फोटो काढले. सात-आठ वर्षं झाली आसतील. बघा की जरा, कुठं दिसती का."

मल्लेश्वरीनं पाहिलं. स्टुडिओत अकरा हार्ड डिस्क होत्या. त्यांवर फोल्डर होते, आणि फोल्डरांना नवरा-नवरीची नावं दिलेली. कुणाच्या लग्नात, कुठल्या साली, हे अमृतप्पाला सांगता येईना. तिनं दोन दिवस शोधलं आणि शेवटी नाही म्हणून सांगितलं. तो हात जोडून गेला.

चार महिन्यांनी दुसरंच काही शोधताना तो फोटो तिच्यासमोर आला. नवरीच्या मागं, खांबाला टेकून, गालाला हळद लागलेली यल्लम्मा हसत होती. मल्लेश्वरी तशीच चपला अडकवून अमृतप्पाच्या घराकडे पळाली. दाराला कुलूप होतं. शेजारणीनं सांगितलं, म्हातारा मुलाकडे हैदराबादला गेला आणि तिथंच महिन्याभरात वारला.

त्या दिवसापासून तिच्या डोक्यात भुंगा शिरला. फोटो होता. आपल्याच घरात होता. नवरीच्या नावाच्या फोल्डरात यल्लम्मा कुणाला सापडणार?

कलबुर्गीच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर सांभाळणारा तिचा मामेभाऊ प्रभुलिंग. तिनं त्याला फोन लावला.

"असं काही हाय का रे, की एकाच फोटोला धा जणांची नावं लावता येतील? आणि कुठलंबी नाव टाकलं की फोटो पुढं यील?"

"हाय की," प्रभुलिंग म्हणाला. "टॅग म्हणतेत त्याला. फोल्डर म्हंजी कपाटाचा खण. एक वस्तू एकाच खणात ऱ्हाती. टॅग म्हंजी चिठ्ठी. एका फोटोला पाहिजे तितक्या चिठ्ठ्या चिटकवा. गावाची, माणसाची, सालाची. असा एक प्रोग्राम फुकट मिळतो, आपल्याच कॉम्प्युटरवर चालतो आणि ब्राउझरमध्ये उघडतो. फोटो बाहेर कुणाकडं पाठवायची गरज न्हाई. पण बसवायला जरा डोकं खातंय बघ."

डोकं खाणारं काम म्हटल्यावर तिला हुरूप आला. अल्बम जोडायचा जुना कॉम्प्युटर कोपऱ्यात धूळ खात पडला होता. तिनं तो पुसला, आतली जुनी सिस्टम काढून लिनक्स टाकलं, आणि प्रभुलिंगनं पाठवलेल्या सूचना वहीत उतरवून एक-एक ओळ टाइप करायला बसली. सतरा वर्षांनी काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं उमटत होती. पहिल्या दिवशी प्रोग्राम सुरूच होईना. ज्या पोर्टवर, म्हणजे आतल्या ज्या नंबरच्या दारावर, तो उघडायचा, तिथं लिनक्ससोबत आलेलं प्रिंटिंगचं सॉफ्टवेअर आधीच ठाण मांडून बसलं होतं. पोर्ट बदलला. दुसऱ्या दिवशी प्रोग्राम उघडला, पण त्यात एकही फोटो दिसेना. फोल्डर वाचायची परवानगीच त्याला दिलेली नव्हती. ती दिली. तिसऱ्या दिवशी दुपारी फोटोंच्या बारीक बारीक चौकटी पडद्यावर भरत गेल्या आणि ती एकटीच काउंटरमागं उभी राहून हसली. राजशेखर जेवायला आला तर चुलीवर काहीच नव्हतं.

"मल्ले, जेवण?"

"लिंबू-चुरमुरे खा आज," ती पडद्यावरची नजर न काढता म्हणाली.

फोटो एक लाख बारा हजार. नावं कोण सांगणार, हा खरा प्रश्न होता. त्याचं उत्तर घरातच होतं. गुरुशांतप्पांना अठ्ठ्याहत्तरावं चालू होतं. गुडघे गेले होते, ऐकायला कमी येत होतं, पण चेहरा एकदा पाहिला की तो त्यांच्या डोक्यात कोरला जायचा. बीदर, हुमनाबाद, भालकी या तीन तालुक्यांतली निम्मी लग्नं त्यांनी पाहिली होती. रोज दुपारी चार वाजता ते सुनेजवळ खुर्ची ओढून बसायचे आणि काठीचं टोक पडद्यावर लावायचे.

"ही चन्नव्वा. जनवाड्याची. हिच्या मागं हिची जाऊ. आणि ह्यो कोपऱ्यात तोंड वाकडं केलेला, ह्यो जेवणावरून भांडला होता त्या दिवशी."

"अप्पा, भांडण न्हाई लिवायचं. नाव सांगा."

"लिव की. माणूस त्यावरून तर वळखतेत."

अप्पा नावं कन्नडमध्ये सांगायचे, ती कधी तशीच कन्नडमध्ये तर कधी मराठीत टाइप करायची, आणि राजशेखरनं कधी काही भरलं तर तो इंग्रजीत. एका दुबलगुंडी गावाचे तीन टॅग झाले आणि तीन ठिकाणी फोटो वाटले गेले. तिनं बसून तिन्ही एकमेकांना जोडले. कुठलंही लिहा, सगळे फोटो येतील, असं केलं. एकदा वीज गेली आणि तीन आठवड्यांची नावं उडाली.  दुसऱ्या दिवशी तिनं बॅटरी बसवून घेतली, रोज संध्याकाळी सगळ्या नावांची एक नक्कल वेगळ्या डिस्कवर जाईल अशी सोय केली, आणि गेलेली नावं पुन्हा पहिल्यापासून भरायला घेतली.

दीड वर्षात बावीस हजार फोटोंना नावं लागली. मग तिनं काउंटरवर एक जुना पडदा आणि माउस ठेवला. गिऱ्हाइकानं यावं, गावाचं नाव टाकावं, आपलं माणूस शोधावं. त्यासाठी 'पाहुणा' नावाचं एक खातं केलं. पाहुण्याला फक्त पाहता येईल, काही पुसता येणार नाही. तेव्हा प्रभुलिंगनं फोनवर विचारलं होतं, "अक्का, माणसांची नावं पाहुण्याला दिसू द्यायची का लपवायची? तिथं एक चौकट हाय बघ."

"दिसू दे की. नाव दिसलं तरच माणूस सापडंल," ती म्हणाली आणि पुढची चौकट भरायला लागली.

लोक येऊ लागले. कुणाला आजी सापडली, कुणाला लहानपणी वारलेला भाऊ. एक म्हातारी स्वतःचाच तरुणपणचा फोटो पाहून म्हणाली, "ही कोण गं, लईच चांगली दिसायली?" सगळं दुकान हसलं. मल्लेश्वरीला वाटलं, आता डोक्यातला भुंगा निघाला.

श्रावण संपत आला होता. सकाळी अकराच्या सुमाराला पांढऱ्या शर्टातला एक माणूस दुकानात आला. पस्तिशीचा, शांत, बोलायला नरम. मालवाहू टेम्पो चालवतो म्हणाला. लग्नाच्या अल्बमला वाळवी लागली, एक फोटो तरी मिळाला तर बघतो म्हणाला. गाव दुबलगुंडी. मल्लेश्वरीनं त्याला पडद्यासमोर बसवलं, माउस कसा चालवायचा ते दाखवलं, आणि ती शाळेच्या पोरींचे पासपोर्ट फोटो काढायला आत गेली. बारा पोरी होत्या. एकीची वेणी सुटली होती, एक हसायची थांबेना.

बाहेर आली तेव्हा तो पडद्याकडे वाकून पाहत होता. त्यानं खिशातला मोबाइल काढला आणि पडद्याचाच फोटो घेतला.

"सापडला का, अण्णा?"

"सापडला," तो म्हणाला. "एक प्रिंट काढून ठेवा. येतो."

तो गेला. मल्लेश्वरी प्रिंट काढायला पडद्यापुढे बसली तर समोर त्याचं लग्न नव्हतंच. गेल्या वैशाखात जनवाड्याला झालेल्या एका लग्नाचा फोटो होता. जेवणाची पंगत, आणि पंगतीच्या मागं तव्यापाशी बसलेली, पदर कमरेला खोचलेली एक बाई. नेमकं त्याच वेळी तिनं मान वर केली होती आणि ती कॅमेऱ्याकडे पाहत होती. फोटो एवढा मोठा केलेला होता की पडदाभर तिचाच चेहरा. वर टॅग होता: रूपा योगीराज, दुबलगुंडी. हा टॅग दाबला की दोन लग्नं यायची. एक तिचं स्वतःचं, आठ वर्षांपूर्वीचं. दुसरं हे.

स्वतःच्या लग्नाचा फोटो शोधणाऱ्याला ही बाई कशाला हवी होती?  मल्लेश्वरीनं मागच्या खोलीत जाऊन सासऱ्यांना विचारलं.

"अप्पा, दुबलगुंडीची रूपा म्हंजी कोण?"

"सून ती तिथली," अप्पा म्हणाले. "जनवाड्याच्या फोटोत मीच तर वळखलो की. तीन वरसं झाली, घर सोडून गेली म्हणतेत."

"कामून गेली?"

"ते मला कामून इचारायलीस? मला चेहरे ठाव हाईत. घरातलं ठाव न्हाई."

तिनं राजशेखरला फोन लावला. तो कलबुर्गीत एका लग्नात होता, मागं सनई वाजत होती. त्याला दोनदा ओरडून सांगावं लागलं.

"दुबलगुंडीची रूपा? थांब, बाहेर येतो." सनई दूर गेली. "अगं, तीन वर्षांमागं सुभद्राबाई म्हणून तिची आई तिला घेऊन आली होती. सरकारी दवाखान्यातून सरळ. पोरीचा हात मोडलेला, मानेवर वळ. केस करायची तर फोटो लागतील म्हणाली. मी पाच फोटो काढले. तू माहेरी होतीस तवा. मग केस केली न्हाई त्यांनी, पोरगीच निघून गेली. का गं?"

तिनं काय झालं ते सांगितलं. 

"तो टेम्पोवाला नवरा आसंल," तो म्हणाला. "योगीराज."

मल्लेश्वरीनं मागच्या कॉम्प्युटरवर जाऊन प्रोग्राम बंद करायची आज्ञा टाइप केली. घाईत ती दोनदा चुकली. तिसऱ्यांदा प्रोग्राम थांबला आणि काउंटरवरचा पडदा पांढरा झाला. पण त्या माणसाच्या मोबाइलमध्ये फोटो होता. गावाचं नाव होतं, लग्नघराचं नाव होतं, तारीख होती. सगळं तिनंच भरलेलं, तिच्याच हातानं, शुद्धलेखन तपासून.

शटर अर्धं ओढून ती बस स्टँडवर गेली. जनवाड्याची बस उभी होती. आधार दाखवून बायकांना मिळणारं फुकटचं, शून्याचं तिकीट घेतलं आणि खिडकीशी बसली, मग उठली, मग पुन्हा बसली. टेम्पो बसच्या आधी पोचतो, हे तिला ठाऊक होतं. तो सरळ तिकडेच गेला असेल का? का आधी गावी जाऊन माणसं गोळा करील? का तिलाच भलता संशय येतोय? बायको हरवलेला माणूस बायकोचा फोटो पाहणारच. रडूही आलं असेल त्याला. पण तो रडत नव्हता. त्यानं प्रिंट सांगितली आणि प्रिंटची वाटही पाहिली नाही. बस प्रत्येक फाट्यावर थांबत होती आणि दर वेळी ती मागं वळून रस्त्यावर पांढरा शर्ट दिसतो का पाहत होती. शेजारची बाई म्हणाली, "अक्का, मळमळायलंय का? लिंबू देऊ?"

जनवाड्यात वैशाखातलं लग्नघर शोधायला वेळ लागला नाही. नवरदेवाचे वडील हावगेप्पा अंगणात सोयाबीनच्या गोण्या शिवत बसले होते. फोटोवाल्याची बायको म्हणून त्यांनी तिला ओळखलं.

"सकाळधरनं कुणी आलं होतं का, काका? भाकऱ्या कुणी केल्या इचारत?"

"न्हाई बा. भाकऱ्या करायला जगदेवी तिच्या बाया घेऊन आली होती. घर मारुतीच्या देवळामागं. कामून, काय झालं?"

ती उत्तर न देताच वळली.

जगदेवीच्या घराच्या पडवीत पाच चुली होत्या आणि पाच बायका. ज्वारीच्या भाकऱ्या थापून, भाजून, कडक वाळवून त्या बीदरच्या खानावळींना आणि लग्नांना जायच्या. थपाथपा आवाज चालला होता. जगदेवी स्वतः मधल्या चुलीपाशी होती, पन्नाशीची, आडव्या अंगाची. आणि कडेच्या चुलीशी तीच बाई होती. फोटोतल्यापेक्षा बारीक. डावा हात भाकरी फिरवताना कोपरातून पुरता सरळ होत नव्हता.

मल्लेश्वरीनं बसमध्ये काय काय बोलायचं ते जुळवलं होतं. ते सगळं ती विसरली. ती उभ्या उभ्याच बोलून गेली. मी फोटोवाल्यांची, मैलूरची. आमच्या कॉम्प्युटरात तुमचा फोटो आहे, त्याला तुमचं नाव लावलंय. आज तुमच्या नवऱ्यानं तो पाहिला.

एक-एक करून पाचही जणींचे हात थांबले. तव्यावरची भाकरी करपायला लागली, कुणी उलटली नाही.

रूपा उठली नाही. पिठाचे हात तसेच मांडीवर ठेवून तिनं विचारलं, "माझं नाव कुणी लिवलं?"

"मी."

"कुणाला इचारून?"

 दीड वर्षात बावीस हजार फोटो, आणि कुणालाच विचारलं नव्हतं. ते विचारायचं असतं, हे मनातही आलं नव्हतं.

"तीन वरसं मी बाजारला गेले न्हाई," रूपा म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "जत्रंला न्हाई. दवाखान्याला गेले तर दुसरं नाव सांगितले. आईला फोन करायचा तर दुसऱ्याच्या फोनवरनं. त्या लग्नात जगदेवीअक्का म्हणाली, लग्नघर हाय, कोण बघतंय, चल. कॅमेरेवाला पंगतीचा फोटो काढायला आणि मी तवाच मान वर केले. त्या दिवसापासनं मला वाटायलंय, मान वर केले तेच चुकलं."

"तुमचं काय चुकलं हो त्यात," मल्लेश्वरी म्हणाली.

जगदेवीनं करपलेली भाकरी काढून बाजूला टाकली. "आता काय करायचं ते बोला," ती म्हणाली. "रूपा, भालकीला माझी बहीण हाय. आत्ताच्या आत्ता निघतीस का?"

 रूपानं पदरानं हात पुसले.

"किती पळू, अक्का? भालकीला गेले तर तिथंबी कुणी फोटो काढंल. मी न्हाई जायची. ठाण्यात चला माझ्यासंगं."

तिघी जनवाड्याच्या ठाण्यात गेल्या. तिथल्या बाई हवालदारानं सगळं ऐकून घेतलं आणि अर्ज लिहायला सांगितलं. रूपाला सही येत होती, लिहिणं तुटक. मल्लेश्वरीनं लिहून दिलं. लिहिताना "तुमचं नाव लिवू का?" असं ती विचारून गेली आणि रूपानं तिच्याकडे असं पाहिलं की तिनं मान खाली घातली. हवालदारबाई म्हणाल्या, तीन वर्षांपूर्वीच्या मारहाणीचा काही पुरावा असेल तर आणा, कागद जड होतो.

बाहेर आल्यावर मल्लेश्वरीनं विचारलं, "तो फोटो पुसून टाकू का?"

"फोटो ऱ्हाऊ द्या," रूपा म्हणाली. "मी काम करायले त्यात, चोरी न्हाई करायले. नाव तेवढं काढा."

ते पाच फोटो शोधायला दोन दिवस लागले. त्यांना कुठलंच नाव लावलेलं नव्हतं, कुठलाच टॅग नव्हता. राजशेखरला नेमका महिनाही आठवेना. पावसाळा होता, एवढंच तो सांगू शकला. तीन वर्षांपूर्वीचे जून ते सप्टेंबरचे सगळे फोटो तिनं एक-एक करून पाहिले, सकाळी दुकान उघडल्यापासून दिवे लागेपर्यंत. जेवणाचं ताट शेजारी थंड व्हायचं. मध्येच उठून ती दारात जायची, रस्त्यावर पांढरा शर्ट दिसला की तो पुढं जाईपर्यंत उंबऱ्यातून हलायची नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी एका शाळेच्या गॅदरिंगच्या फोल्डरात, भलत्याच ठिकाणी टाकलेले, ते फोटो सापडले. सुजलेला हात. मान. भिंतीकडे वळवलेलं तोंड. तिनं ते छापले, पाकिटात घातले आणि पुढची बस पकडून ठाण्यात नेऊन दिले.

तिसऱ्या दिवशी योगीराज जनवाड्यात गेला. हे तिला जगदेवीनं फोनवर सांगितलं. टेम्पो मारुतीच्या देवळाशी लावून तो पडवीपाशी आला आणि नरम आवाजात म्हणाला, माझ्या बायकोला न्यायला आलोय. पाचही बायका उठून उभ्या राहिल्या. रूपा मागं लपली नाही, पुढं आली. म्हणाली, मी येणार न्हाई, अर्ज दिलाय, हातात काय घेऊन आलास ते खाली ठेव. त्याच्या हातात काही नव्हतं, फक्त मोबाइल होता, त्यात तिचाच फोटो. शेजारपाजार जमला. हावगेप्पा काठी टेकत आले. ठाण्यातून माणूस आला, त्याला घेऊन गेला, त्याच्याकडून लिहून घेतलं आणि सोडलं. पुन्हा येईल की नाही, हे कुणीच सांगू शकत नव्हतं. दोन महिन्यांनी रूपानं केस दाखल केली. आता तारखा पडतायत. सुभद्राबाई लेकीजवळ जनवाड्याला येऊन राहिली आहे, सहाव्या चुलीपाशी बसते.

मैलूरच्या घरात मात्र भांडण पेटलं. मल्लेश्वरीनं पाहुण्याचं खातं बंद केलं, काउंटरवरचा पडदा काढला आणि जिवंत माणसांची नावं एका फटक्यात लपवून टाकली. दुपारी चारला अप्पा खुर्ची ओढून बसले आणि पडद्यावर काठी लावली तर चेहऱ्यांच्या खाली नुसतं गावाचं नाव.

"हे काय केलीस?"

"नावं झाकले, अप्पा. पुसले न्हाईत. ज्याचं त्याला इचारून परत दाखवू."

"दीड वरीस मी बसून सांगितलो!" म्हातारा थरथरायला लागला. "माझ्या डोक्यातलं हाय ते. उद्या मी गेलो तर कोण सांगणार, तू? एका माणसानं खोडी केली म्हणून साऱ्या मुलखाचं नाव झाकतीस?"

"त्या बाईनं इचारलं, कुणाला इचारून लिवलीस. काय सांगू मी तिला? अप्पांनी सांगितलं म्हणून?"

अप्पा उठून गेले. चार दिवस ते दुपारभर बसवण्णाच्या देवळाच्या कट्ट्यावर बसत होते आणि सुनेच्या हातचा चहा घेत नव्हते. पाचव्या दिवशी चार वाजता काठी वाजली.

"मेलेल्यांचं काय करणार?" ते दारातूनच म्हणाले. "त्यांना कसं इचारतीस?"

"त्यांच्या घरच्यांना इचारीन."

"आणि घरातच भांडण आसंल तर?"

 अप्पा खुर्चीत बसले. त्या दिवशी त्यांनी एकही नाव सांगितलं नाही. पण मेलेल्या माणसांची एक यादी करायला घेतली. कुणाचं घर कुठं, तिथं आता कोण राहतं, कोण बोलायला बरा आहे. ती यादी त्यांनी स्वतःच्या हातानं, कन्नडमध्ये लिहिली.

आता राजशेखर लग्नाला निघाला की मल्लेश्वरीही कधी कधी सोबत जाते. तो फोटो काढतो आणि ती वही घेऊन लोकांमध्ये फिरते. तुमचा फोटो आमच्याकडं राहील, नाव लावू का? कुणाला दाखवू, कुणाला नको? लोक आधी हसतात. मग विचारात पडतात. पुरुष बहुतेक लगेच हो म्हणतात. बायका आजूबाजूला पाहतात. दुकानात दर सकाळी ती सगळ्यात आधी कॉम्प्युटर लावते, काल रात्रीतून कुणी आत शिरायचा प्रयत्न केला का ते तपासते, खाती मोजते, पासवर्डचं कुलूप लागलंय ना पाहते. लागलेलं असतं. दुपारी पुन्हा पाहते. प्रभुलिंग म्हणतो, अक्का, एवढं बघायची गरज न्हाई. ती व्हय म्हणते आणि बघते.

परवा दुबलगुंडीजवळच्या एका वस्तीवर बारसं होतं. पाणी भरणाऱ्या एका बाईला तिनं विचारलं, "अक्का, नाव लिवू का?"

बाईनं घागर खाली ठेवली. पदर तोंडापाशी धरून ती मांडवाकडे पाहत उभी राहिली. मांडवात तिचा दीर होता, सासू होती, बरीच माणसं होती.

"आज नको," ती म्हणाली. "इचार करते आणि तुमच्या दुकानाला येऊन सांगते."

"दुकान मैलूरला हाय."

"ठाव हाय मला," असं म्हणून तिनं घागर उचलली.

मल्लेश्वरीनं वहीत फक्त गाव आणि तारीख लिहिली, आणि ती पुढच्या बाईकडे वळली.